रॉकी पाणी का पीत नव्हता

"मॅडम, कुत्रा पाण्याला घाबरतोय."

गायकवाड सरांनी हे क्लिनिकच्या दारातूनच सांगितलं. प्राथमिक शिक्षक, साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय. त्यामुळे ते माझ्यासकट सगळ्यांनी ऐकलं. बाकावर बसलेल्या पाचही जणांनी पाय वर घेतले. एका बाईंनी आपला पामेरियन छातीशी धरला आणि "आम्ही नंतर येतो" म्हणत त्या निघूनही गेल्या.

"कुत्रा कुठंय?" मी विचारलं.

"बाहेर. लोडिंग रिक्षात बांधून ठेवलाय."

"कोणाला चावलाय का?"

सर बाजूला सरकले. त्यांच्या मागून त्यांची मुलगी पुढं आली. प्रज्ञा, चौथीतली. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला.

"चावला नाय," ती म्हणाली. "दात लागला. मपल्याच हाताची चूक हाय."

"'माझ्याच' म्हणावं, बाळा. अन् 'आहे'," सर म्हणाले. त्या घटकेलासुद्धा. मराठवाड्यात 'माझं-तुझं'ला 'मपलं-तुपलं' म्हणतात. प्रज्ञानं ते आजीकडून उचललं होतं आणि सर गेली वीस वर्षं शाळेत आणि घरात ते पुसून काढायच्या मागं होते.

मी रुमाल सोडला. तळहाताच्या कडेला दोन ओरखडे होते. एकातून रक्त आलेलं दिसत होतं.

"कधी लागलं?"

"काल दुपारी. हळद लावली," सर म्हणाले.

मला राग आला. शिकलेल्या माणसाचा जास्त येतो. पण ओरडून काही होणार नव्हतं. आमच्या धंद्यात एक नियम आहे: आधी माणूस, मग जनावर. मी प्रज्ञाला बेसिनपाशी नेलं आणि साबण लावून नळाखाली हात धरायला सांगितलं. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. ते दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, क्लिनिकसुद्धा टँकरवर चाललं होतं. शकीलभाई, माझे अटेंडंट, पंधरा वर्षं माझ्याबरोबर होते आणि बादलीतल्या तांब्या-तांब्याचा हिशेब मागायचे. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

मग मी चिठ्ठी लिहून सरांच्या हातात दिली. "आत्ता, इथून सरळ सरकारी दवाखान्यात. लस आणि जखमेत सीरम, दोन्ही. उद्यावर टाकायचं नाही. कुत्रा मी बघते."

"मॅडम, त्याला मारणार तर नाही ना?" प्रज्ञानं विचारलं.

"बघते म्हटलं ना."

हे काही उत्तर नव्हतं. तिला ते कळलं आणि तिनं पुढं विचारलं नाही.

मी परभणीला शिकले. गारखेड्यात क्लिनिक टाकलं तेव्हा आजूबाजूला गोठे होते आणि माझी निम्मी प्रॅक्टिस म्हशींची होती. शहर वाढलं, गोठ्यांवर अपार्टमेंट उठल्या, म्हशी गेल्या आणि लॅब्राडॉर आले. बीड बायपासच्या पलीकडं देवळाईकडं रो-हाउसच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. तिथं घर आधी आलं, पाण्याची पाइपलाइन नंतर कधीतरी येणार होती. गायकवाड सरांचं घर त्यातल्याच एका सोसायटीत. ते रोज सिल्लोड रोडवरच्या एका गावात शाळेवर जाऊन-येऊन करायचे.

कुत्रा त्याच गावातला. कोंडिबा नावाच्या मेंढपाळाचा. पाणी संपलं म्हणून कोंडिबा मेंढरं घेऊन पैठणच्या बाजूला निघाले होते. धरण आटलं की त्याच्या पोटात थोडं गवत उगवतं, त्या आशेवर. थोरला कुत्रा त्यांनी बरोबर घेतला आणि हा दोन वर्षांचा खंड्या सरांच्या हवाली केला. "गुर्जी, याला तरी शहरात न्या. तिथं पाण्याला कमी नाय," असं म्हणाले होते. प्रज्ञानं खंड्याचा रॉकी केला. माझ्याकडं पेशंटला मालकाचं आडनाव लावायची पद्धत आहे, म्हणून केस पेपरवर नाव आलं: रॉकी गायकवाड.

सर शुक्रवारी त्याला गावाहून घरी घेऊन आले. रविवारी दुपारपर्यंत त्यानं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. भांडं समोर ठेवलं की मागं सरायचा, शेपूट पोटाखाली घालायचा, थरथरायचा. भाकरी मात्र खायचा, तीही जमिनीवर टाकली तरच. शेवटी बापलेकीनं मान धरून त्याचं तोंड भांड्यात घालायचा प्रयत्न केला. तेव्हा दात लागला.

हे सगळं मी चिठ्ठी लिहिता लिहिता विचारून घेतलं. आम्ही याला हिस्ट्री म्हणतो. जनावर बोलत नाही, म्हणून मालकाकडून काढून घ्यायची माहिती. मला वाटलं, मी पुरेशी काढली.

"रेबीजची लस दिलीय का याला?"

"कोंडिबा म्हणाले होते, सुई मारलेली आहे."

"कसली सुई?"

सरांना ठाऊक नव्हतं.

ते प्रज्ञाला घेऊन गेले आणि दोनच मिनिटांनी एक पांढरी गाडी येऊन थांबली. दुष्काळातसुद्धा आरशासारखी धुतलेली. सोसायटीचे अध्यक्ष जाधव साहेब. रिटायर्ड माणूस, हातात फाइल.

"मॅडम, वेळ घालवू नका. एक इंजेक्शन द्या आणि मोकळं करा."

"कोणाला?"

"कुत्र्याला हो! पाण्याला घाबरतोय म्हणजे पिसाळलाय. हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"शेंबडं पोर चुकेल," मी म्हणाले. "पाण्याला घाबरतो तो रेबीज झालेला माणूस. कुत्र्याला पाण्याची भीती वाटत नाही. त्याचा घसा लुळा पडतो, जबडा लोंबतो. त्याला पाणी हवं असतं, गिळता येत नाही."

"म्हणजे हा पिसाळलेला नाही?"

"तसंही मी म्हटलं नाही."

"मग मारून टाकायला काय हरकत आहे?"

"जाधव साहेब, दात लागलेलं कुत्रं दहा दिवस जिवंत ठेवून बघायचं असतं. लाळेत विष असेल तर ते दहा दिवसांत मरतं. जगलं, तर त्या दिवशी लाळेत काही नव्हतं, हे पक्कं. आज मारलं तर त्या पोरीच्या आईबापाला साधा जबाब मिळायचा नाही. मग डोकं बर्फात घालून लॅबला पाठवा आणि वाट बघत बसा."

ते जरा मागं सरले. "पण सोसायटीत नको."

"माझ्याकडं राहील. मागं पिंजरा आहे."

"लेखी द्या."

दिलं.

रॉकीला लांब दांड्याच्या फासानं धरून आम्ही पिंजऱ्यात घेतलं. मी आणि शकीलभाई, दोघांनीही रेबीजची लस आधीच घेतलेली असते, तरी हातमोजे घातले. कुत्रा गुरगुरला नाही. उभा राहिला आणि बघत राहिला. मळकट पिवळा, उंच, एका कानाचं टोक तुटलेलं. तोंडातून चिकट लाळेच्या तारा लोंबत होत्या. हेच बघून लोक घाबरले होते. पण तहानलेल्या कुत्र्याची लाळही अशीच घट्ट होते.

मी पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा टाकला. तो त्यानं उचलला, बराच वेळ चघळला आणि गिळला. जबडा बंद होत होता, गिळता येत होतं. मला जरा हायसं वाटलं. मग शकीलभाईंनी स्टीलचं मोठं भांडं काठोकाठ भरून आत सरकवलं. रॉकी पिंजऱ्याच्या पार मागच्या कोपऱ्यात गेला, भिंतीला पाठ लावली आणि थरथरायला लागला. भांड्याकडं बघेना.

माझं हायसं वाटणं तिथंच संपलं. पुस्तकात असं काही नव्हतं. आणि जे पुस्तकात नसतं त्याची मला जास्त भीती वाटते.

त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक म्हैस आली होती. लाळ गळत होती, चारा गिळत नव्हती. मला वाटलं घशात काही अडकलंय. कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं, काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हैस मेली आणि लॅबचा रिपोर्ट आला: रेबीज. माझा मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा होता, अंगावर पीत होता. लस घेतली, सगळं व्यवस्थित झालं, पण ते महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. तेव्हापासून लाळ गळणारं तोंड दिसलं की माझे हात आपोआप मागं जातात.

मंगळवारी रॉकीनं भाकरीही सोडली. भांडं तसंच भरलेलं. आम्ही त्याच्या तोंडाला मुसकं बांधलं आणि मी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. अंगात पाणी असेल तर कातडी लगेच जागेवर बसते. त्याची तंबूसारखी उभीच राहिली. डोळे आत गेलेले. मी पाठीवरच्या कातडीखाली सलाइन भरलं. तिथं पखालीसारखा फुगवटा येतो आणि दोन-चार तासांत ते अंगात जिरतं. हा वेळ काढायचा उपाय. शिरेतून द्यायचं तर तास-दीड तास त्याला धरून ठेवावं लागणार आणि संशय असलेल्या कुत्र्याला तेवढा वेळ कोणी कवटाळून बसत नाही.

संध्याकाळी सर आले. प्रज्ञाला लस सुरू झाली होती, सीरमही मिळालं होतं. ती दवाखान्यात रडली नाही, घरी आल्यावर रडली, ते सुद्धा रॉकीसाठी.

"सर, खरं सांगते," मी म्हणाले. "मला हा रेबीज वाटत नाही. पण हा प्यायला नाही तर चार-पाच दिवसांत मरेल. तहानेनं मेला तरी सगळे म्हणणार, रेबीजनंच मेला. मी कितीही सांगितलं तरी तुमच्या घरातली भीती जायची नाही."

सर खुर्चीत बसले. "मॅडम, त्या माणसानं माझ्यावर विश्वासानं सोपवलंय. आमच्याकडं पाणी आहे म्हणून."

"कोंडिबांना फोन लावा."

"लावतोय कधीचा. मोबाईल त्यांच्या मुलाकडं असतो, रेंज नाही. पैठणकडं माझा एक मित्र शाळेवर आहे, त्याच्याकडं निरोप ठेवलाय."

"काय निरोप दिलात?"

"कुत्रा पाणी पीत नाही, मुलीला दात लागला, शक्य असेल तर या."

पोचेपर्यंत त्या निरोपाचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

बुधवारी सकाळी मी आले तर शकीलभाई पोचा हातात घेऊन दारातच उभे.

"मॅडम, एक बात बोलू? हसना नक्को."

"बोला."

"ये कुत्ता बीमार नै है. मैं पिंजरे के बाजू में पोचा मार रा था. इसने गीली फर्शी पे जुबान निकाली. मेरेकू देखा, अन् जुबान अंदर ले ली. जैसा बच्चा चोरी करते पकडा गया वैसा."

"मग?"

"इसकू किसीने मना करके रखा है, मॅडम."

मी हसले नाही, पण मानलंही नाही. वीस-बावीस वर्षांची प्रॅक्टिस, भिंतीवर डिग्री आणि निदान पोचा मारणाऱ्यानं करायचं? असा काहीतरी विचार मनात आला असणार. मी म्हणाले, "शकीलभाई, दुपारी परत सलाइन द्यायचंय, तयारी ठेवा." आणि भांडं पुन्हा काठापर्यंत भरायला सांगितलं. थंड पाणी घातलं, माठातलं. जास्त असेल, गार असेल तर मोह होईल, अशी माझी अक्कल.

बाराच्या सुमारास सर एका म्हाताऱ्याला घेऊन आत आले. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पायातल्या वहाणा त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. आतल्या फरशीकडं बघत ते उंबऱ्यातच थांबले.

"हे कोंडिबा," सर म्हणाले.

कोंडिबांनी कुत्र्याचं विचारलं नाही. "पोरीचा हात कसा हाय, डाक्टरीणबाई?"

"बरा आहे. लस चालू आहे."

"मला सांगावा आला, खंड्या पिसाळला, पोरीचा हात फाडला. मपली नातवंडं त्याच्या गळ्यात पडून झोपायची. रातभर डोळा नाय लागला. पहिल्या यष्टीनं आलो." म्हातारा एक पाऊल आत आला. "खरं सांगा. पिसाळलाय?"

"माहीत नाही. त्याला रेबीजची सुई दिली होती का?"

"सुई मारली व्हती की. गोचिडाची."

म्हणजे रेबीजची लस नव्हतीच. सरांनी डोळे मिटून घेतले.

"बघा एकदा त्याच्याकडं," मी म्हणाले. "पण जाळीत हात घालायचा नाही."

कोंडिबा पिंजऱ्यासमोर दोन पायांवर बसले. रॉकीनं त्यांना बघितलं. दोन दिवस कोपऱ्यात निपचित पडलेला कुत्रा उठला, लटपटत पुढं आला आणि जाळीला नाक लावून बारीक आवाजात कुंई-कुंई करायला लागला. पण मधे भांडं होतं. त्याला वळसा घालून आला, अंग चोरून.

कोंडिबांनी आधी कुत्र्याकडं बघितलं, मग भांड्याकडं. मग माझ्याकडं.

"हे पानी कुणाचं?"

"त्याचंच."

"येवढं?"

"हो. रोज भरून ठेवतोय. पीतच नाही."

"गुर्जी, तुमी बी असंच भरून ठिवत व्हता?"

"काठोकाठ," सर म्हणाले. "तो पीत नाही म्हणून प्रज्ञा आणखी मोठं पातेलं आणायची. टँकरचं पाणी, पण त्याला आम्ही काही कमी केलं नाही हो."

कोंडिबांनी कपाळाला हात लावला. "आरं माज्या कर्मा. भरल्या भांड्याला त्यो कसा तोंड लावंल? ते मेंढरांचं!"

मग त्यांनी सांगितलं आणि आम्ही तिघं उभ्यानं ऐकत राहिलो.

दोन वर्षं त्यांच्याकडं पाणी टँकरचं. अर्धा कापलेला ड्रम भरायचा, त्यावर साठ-सत्तर मेंढरं. कुत्र्यानं आधी तोंड घातलं की मेंढरू त्या पाण्याला नाक लावत नाही, वास येतो. पूर्ण ड्रम वाया. खंड्या पिल्लू असताना एकदा भरल्या ड्रममध्ये तोंड घालून प्यायला. तेव्हा कोंडिबांनी काठीचा एकच तडाखा दिला.

"एकडावच दिली. पुन्हा द्यायची पाळी नाय आली. लई शाना हाय. मेंढरं पिऊन सरली, खाली चूळभर ऱ्हायलं, की म्या काठी वाजवायची अन् म्हणायचं. मग त्यो यायचा."

"काय म्हणायचं?"

कोंडिबा जरा लाजले. शिकलेल्या माणसांसमोर कुत्र्याशी बोलायचं म्हणजे कसं तरी वाटलं असणार.

"आधी ते पानी कमी करा," ते म्हणाले.

शकीलभाईंनी जाळीच्या खालच्या फटीतून भांडं ओढून बाहेर काढलं. मी ते मोरीत ओतणार, तेवढ्यात कोंडिबांनी हात आडवा केला. त्यांनी स्वतः ते पाणी बादलीत उतरवलं, एक थेंब न सांडता, आणि भांड्याच्या तळाला बोटभर ठेवलं. शकीलभाईंनी भांडं आत सरकवलं. कुत्रा दोन पावलं मागं गेला आणि थांबला. कोंडिबांनी काठीच्या टोकानं भांड्याच्या कडेवर दोनदा वाजवलं, टण् टण्.

"उरलं तुपलं," ते म्हणाले.

रॉकी भांड्यावर पडला. दुसरा शब्द नाही मला. चपाचप आवाज, पाणी नाकात जात होतं, शिंकत होता आणि पीत होता. बोटभर पाणी चार सेकंदांत संपलं. तो भांडं चाटत राहिला, ते फरशीवर घरंगळलं तरी चाटत राहिला. कोंडिबांनी पुन्हा बोटभर ओतलं. पुन्हा टण् टण्. पुन्हा तेच.

"हळूहळू द्या," मी म्हणाले. "एकदम दिलं तर उलटी करेल." एवढंच डॉक्टर म्हणून माझ्याकडून झालं. कातडीत सुया खुपसून ज्याला मी पाणी भरत होते, त्याच्यासमोर तीन दिवस आम्ही त्याच्या शिक्षेचं कारण भरभरून ठेवत होतो. तो जितका पीत नव्हता तितकं आम्ही जास्त भरत होतो.

शकीलभाई माझ्याकडं बघत होते. मीच म्हणाले, "मना करके रखा था, शकीलभाई. तुम्ही बरोबर होतात."

"हौ, मॅडम," ते म्हणाले आणि पोचा घेऊन सांडलेलं पाणी पुसायला लागले. चेहऱ्यावरचं हसू मात्र त्यांना पुसता आलं नाही.

सरांच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. ते बाकावर बसले आणि चष्मा काढून रुमालानं पुसत बसले. "मला का नाही सांगितलंत, कोंडिबा?"

"इसरलो, गुर्जी. सांगायचं ध्यानातच आलं नाय. वाटलं, शहरात कुत्र्याला कोन भरलेलं भांडं ठिवतंय? उरलंसुरलंच देतील." त्यांनी कुत्र्याकडं बघितलं. "तुमी तर राजावानी ठिवला त्येला. त्यातच मरत व्हता बिचारा."

तरीही दहा दिवस मी त्याला सोडला नाही. कोंडिबांना हे पटत नव्हतं, पण कुत्रा पाणी प्यायला म्हणून रेबीज नाही असा नियम नाही, आणि नियम माझ्या आनंदासाठी बदलत नाहीत. प्रज्ञाच्या लसीही चालू ठेवल्या. कोंडिबा त्याच दिवशी मेंढरांकडं परत गेले. जाताना त्यांनी मला विचारलं, नातवंडांना काही करायला लागंल का. मी म्हणाले, दहाव्या दिवशी सरांच्या मित्राकडं निरोप ठेवते. या वेळी तो निरोप मी कागदावरच लिहून पाठवणार होते.

दहाव्या दिवशी रॉकीचं वजन दीड किलोनं वाढलेलं होतं. आणि गुरगुरणं तर सोडाच, तो शकीलभाईंच्या चपला पळवायला लागला होता. मी त्याला रेबीजची पहिली लस दिली, खरी. आत जाऊन दार लावून घेतलं आणि दोन मिनिटं नुसती खुर्चीत बसले. त्या म्हशीनंतर मनात जे एक बोचत होतं, ते त्या दिवशी जरा सैल झालं. मग कोंडिबांसाठी निरोप लिहिला: "कुत्रा ठणठणीत. मुलं सुरक्षित. काळजी नको."

जाधव साहेब हजर होतेच, फाइल घेऊन. "सर्टिफिकेट लागेल. पाण्याला घाबरत नाही असं स्पष्ट लिहा."

मी लिहिलं: 'सदर कुत्रा निरोगी असून तो पाण्यास घाबरत नाही. इतरांचे झाल्याशिवाय तो पाणी पीत नाही.'

त्यांनी दोनदा वाचलं. "हे दुसरं वाक्य कशाला?"

"सोसायटीच्या माहितीसाठी," मी म्हणाले.

त्यांनी फाइलला लावलं.

प्रज्ञा घरून छोटी वाटी घेऊन आली होती. हाताचे ओरखडे वाळून पांढुरक्या रेघा झाल्या होत्या. तिनं वाटीत थोडं पाणी ओतलं, कंपासपेटीतल्या पट्टीनं कडेवर दोनदा वाजवलं आणि वडिलांकडं बघत शुद्ध मराठीत म्हणाली, "उरलेलं तुझं."

रॉकीनं मान वाकडी केली. बसून राहिला.

"'उरलेलं तुझं,'" ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. रॉकी तसाच.

तिनं वडिलांकडं बघितलं. सरांनी छताकडं बघितलं. वीस वर्षं ज्या शब्दासाठी त्यांनी पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या होत्या, तो शब्द आता समोर उभा होता.

"म्हण," ते शेवटी म्हणाले. "त्याला जे येतं ते म्हण."

"उरलं तुपलं!" प्रज्ञा ओरडली आणि रॉकीनं वाटी रिकामी केली.

माझ्या केस पेपरवर त्यानंतर एक ओळ वाढली. नाव, वय, जात, लसी, आणि त्याखाली: 'आधी कोणाकडं होता, तिथं खाणंपिणं कसं द्यायचे?' बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. "पाणी ना? आरओचं देतो," असं एका बाईंनी सांगितलं. मी लिहून घेतलं. पुस्तकात नाही ते विचारायला पैसे पडत नाहीत, आणि शकीलभाई म्हणतात तसं, विचारून झालं की पोचा मारणाऱ्यालाही एकदा विचारावं.

रॉकी नंतर नऊ वर्षं जगला. दरवर्षी लसीला सर स्वतः घेऊन यायचे. एका वर्षी उन्हाळ्यात आले, कुत्रा धापा टाकत होता. मी शकीलभाईंना पाणी आणायला सांगितलं. त्यांनी बरोबर बोटभर आणलं. बाकावर चार नवे लोक बसले होते, त्यात एक सरांच्या शाळेतले जुने हेडमास्तर. सरांनी इकडंतिकडं बघितलं, खिशातलं पेन काढून वाटीवर दोनदा वाजवलं आणि रॉकीच्या तुटक्या कानाशी वाकले.

इतक्या वर्षांत गायकवाड सर हळू आवाजात बोललेले मी तेवढेच ऐकले.